कोठला शेतस

मुंबईहून येऊन आठ दिवस झाले. बॅग तशीच पडून होती ती आज रिकामी केली, नानांच्या गोळ्या डब्यात भरल्या, साड्या धुवायला टाकल्या, आणि तरी ते काही डोक्यातून जात नाहीये. कोणाला सांगायला जावं तर सांगण्यासारखं घडलंच काय. एका पोराने विचारलं, तुम्ही कुठल्या, आणि मी खोटं बोलले. एवढंच.

पण का बोलले?

माझ्या भाचीला, मोनीला, ती पर्स घ्यायची होती. प्रमोशन झालं की घेईन असं दोन वर्षांपासून चाललेलं, स्वतःच्या पगारातून घेतेय, त्यात मला काही बोलायचं नव्हतं आणि बोलले पण नाही. मी नुसती सोबत. लोअर परळला, पॅलेडियममध्ये. तिथे गाडीतून उतरल्यावर मला आधी दिसली ती चिमणी. फिनिक्स मिलची. १९०५ ची मिल ती, आता सगळा मॉल झालाय, चिमणी तेवढी उभी ठेवलीय. पप्पा सांगायचे की अमळनेरच्या जिनातून कापसाच्या गाठी निघायच्या त्या मालगाडीने थेट मुंबईच्या गिरण्यांना. आप्पाकाका लालबागला होते ना. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि काही महिन्यांनी पत्र्याची ट्रंक घेऊन ते गावी आले ते परत गेलेच नाहीत. त्यांच्याबद्दल मोनीला सांगावंसं वाटलं होतं, पण ती पुढे निघून गेली होती. असो.

आत गेलो तर दारावरच्या माणसाने दार धरलं, मला उगाच वाटलं चपला काढायच्या की काय. सोफ्यावर बसवलं, ट्रेमध्ये पाण्याचे ग्लास आले. एक पोरगा, पंचवीसचा असेल नसेल, काळा सूट, हातात पांढरे मोजे घालून एकेक पर्स अशी उचलत होता जशी बाळंतिणीच्या खोलीतून कोणी बाळ बाहेर आणतं. मोनीशी इंग्लिशमध्ये छान बोलत होता. मोनीने विचारलं की हे लेदर का, तर म्हणे नाही मॅम, पट्टे लेदरचे, बाकी कॅनव्हास आहे, कॉटन, वरून कोटिंग. कॉटन म्हटल्यावर माझे कान उभे राहिले. मग किंमत सांगितली, दोन लाख पंधरा हजार, आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं, अगदी हळू, स्वतःशीच, "ओ माय वं, इतला पैसामा तं बैलजोडी ई जाई."

त्याचे हात थांबले. मान वर करून माझ्याकडे बघितलं त्याने. मोनी आरशासमोर होती. तो जरासा वाकला आणि एकदम बारीक आवाजात, कोणाला ऐकू जाऊ नये असा, बोलला, "मावशी, तुम्ही कोठला शेतस?"

त्याचा चेहरा मला आत्ता लिहिताना पण दिसतोय. त्या सगळ्या काचेच्या झगझगाटात त्याला कोणीतरी घरचं भेटलं होतं.

आणि मी काय म्हटलं? "नहीं, हम पुणे के हैं." हिंदीत. पोरगं अहिराणीत, आपल्या खानदेशच्या बोलीत, विचारतंय, कुठल्या आहात म्हणून, आणि मी त्याला हिंदीत सांगतेय की मी पुण्याची.

तो लगेच सरळ झाला. "सॉरी मॅम." मावशीची मॅम झाले मी, दोन सेकंदात, आणि ते मीच करून घेतलं. पुढे त्याने पॅन नंबर घेतला, दोन लाखाच्या वर खरेदी असली की द्यावाच लागतो, पर्स कापडी पिशवीत, पिशवी डब्यात, डबा मोठ्या कागदी पिशवीत घातला, रिबीन बांधली, आणि दारापर्यंत सोडायला आला. माझ्याकडे बघितलं नाही. किंवा बघितलं असेल, मीच खाली बघत होते.

पहिले दोन दिवस मी स्वतःला सांगत राहिले की मोनीला ऑकवर्ड झालं असतं म्हणून. पण हे खरं नाही. मोनी लोकलमध्ये सुद्धा तिच्या आईशी फोनवर खणखणीत अहिराणी बोलते, चार लोक वळून बघतात, तिला काही नसतं त्याचं. मग वाटलं साडीमुळे असेल, त्या दुकानात माझी साडी, माझी पिशवी, माझे भेगा पडलेले पाय, सगळंच मला परकं वाटत होतं. तेही पूर्ण खरं नाही. आपण अमळनेरच्या. १९४५ ला तेलतुपाची कंपनी निघाली, तिचीच पुढे विप्रो झाली, आणि ते जुने शेअर ज्यांनी विकले नाहीत अशी माणसं आपल्याच गल्लीत साधा पायजमा घालून दळण घेऊन जाताना बघतच आपण मोठे झालो. कपड्यावरून माणूस मोजायची सवय मला गावाने लावलेलीच नाही.

मग पुणे का आलं तोंडात? नाशिक म्हटलं असतं, काहीही म्हटलं असतं. काल रात्री झोप लागेना तेव्हा कळलं. डीएडच्या होस्टेलला पहिल्या आठवड्यात मी मेसमध्ये "माले भाजी नको" म्हटलं होतं. माले. त्या पोरी किती दिवस मला सगळ्यांसमोर ते परत परत म्हणायला लावायच्या, "म्हण ना गं, माले, तुले", आणि मी म्हणायचे पण, हसायचे पण त्यांच्यासोबत, आणि रात्री पांघरुणात तोंड घालून... सतरा वर्षांची होते. कोणी नव्हतं तिथे माझं. दिवाळीला घरी आले तेव्हा आईशी पण शुद्ध बोलले होते, आई काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. वर्गात पोरांना पण मी वर्षानुवर्षं "असं नाही म्हणायचं, मला म्हणायचं" असं सांगत आले, वहीत लाल रेघ मारत आले. त्यातला एखादा आज असाच कुठेतरी मोजे घालून उभा असेल.

हे आठवलं आणि फार रडू आलं, आधी स्वतःसाठीच आलं, नंतर कोणासाठी ते माहीत नाही.

जिजीला फोनवर पर्सबद्दल सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "मंग तिनी मोड कितली ई?" म्हणजे परत विकली तर किती येतील. जळगावची ती, सोन्याच्या बाजारात वाढलेली, तिला मोड येत नाही ती वस्तू वस्तूच वाटत नाही. मोनी म्हणते येते मोड, सेकंडहँड पण विकल्या जातात, डबा, पावती, कापडी पिशवी सगळं जपून ठेवायचं फक्त. भाऊला सांगितलं तर त्याने लगेच हिशोब मांडला. २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये, म्हणजे ती एक पर्स साडेसव्वीस क्विंटलची. आपल्या कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल निघाला तर निघाला, म्हणजे पाच ते साडेसहा एकराचं सगळं पीक, वेचणीची मजुरी अजून धरलीच नाही. आणि हमीभाव तरी सगळ्यांना कुठे मिळतो, त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये बाहेरच्या कापसावरचा ११ टक्के आयात कर काढला तो पार डिसेंबरपर्यंत, ऐन आपला माल घरात येतो तेव्हा. भाऊ त्यावर अर्धा तास बोलला. मी ऐकत होते आणि मला ते मोजेच दिसत होते. त्या पोराच्या घरी कापूस असेल का? वेचला असेल का त्याने लहानपणी, बोंडाच्या टोकाने बोटं सोलली असतील का?

मोनीला आज म्हटलं, त्या मुलाने तुला कार्ड दिलं होतं ना, नंबर पाठव. कशाला? म्हटलं पट्ट्याचं विचारायचंय. परत खोटं. पण या वेळी मलाच ते सहन झालं नाही आणि सगळं सांगून टाकलं तिला. ती हसली नाही. नंबर पाठवला आणि लिहिलं, "मावशी, त्याला अहिराणीतच लिही."

अहिराणी मी कधी लिहिलेलीच नाहीये. बोललेली, ती पण घरात. आठ शब्द लिहायला अर्धा तास गेला, हे असंच लिहितात का, कोण सांगणार. शेवटी लिहिलं, "मी अमळनेरनी शे. त्या दिन लबाड बोलनू मी." आणि पाठवून फोन उलटा ठेवला.

दुपार गेली, संध्याकाळ गेली. नानांचं जेवण झालं. म्हटलं नसेल द्यायचं उत्तर त्याला, आणि का द्यावं त्याने, आठ तास उभं राहून येणाऱ्या माणसाने माझ्या मनाचं ओझं का उचलावं. एवढं मनाशी म्हटल्यावर जरा शांत वाटलं. जे केलं ते केलं, ते माझंच आहे, राहू दे माझ्याजवळ.

आत्ता अकराला फोन वाजला. त्याचं दुकान सुटलं असेल.

"मी तवयच वळखी लिधं व्हतं मावशी. बैलजोडी म्हनात ना तुम्ही."

खाली लगेच दुसरा, "आते कापूसले काय भाव शे तिकडे?"

हमीभाव नको सांगायला, त्याला बाजारातला खरा भाव हवा असणार. सकाळी भाऊला विचारून कळवते.