भिंतीकडचा बाक

दहावीचे पेपर संपले की आमच्या ओपीडीची गर्दी बदलते. एरवी माझ्याकडे भाजलेले, अपघातातले, मधुमेहामुळे जखम भरत नाही म्हणून आलेले, दुभंगलेल्या ओठाची तान्ही बाळं असे पेशंट असतात. एप्रिलमध्ये मात्र तोंडाला ओढणी किंवा मास्क बांधलेली पोरं-पोरी बाकावर दिसू लागतात. कुणाला नाक नीट करून हवं असतं, कुणाला हनुवटी, कुणाला छाती. आणि पहिला प्रश्न ठरलेला, "कॉलेज सुरू व्हायच्या आत होईल ना?"

कोल्हापुरात प्लास्टिक सर्जन म्हणून मला आता १८ वर्षं होतील. त्या सोमवारी आलेली मुलगी १५ वर्षं ५ महिन्यांची होती. सोबत आई आणि मामा. गाव कागलच्या बाजूचं. मुलगी आत आली, समोरची खुर्ची तिनं थोडी फिरवून घेतली आणि मग बसली. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

बोलायला आईनंच सुरुवात केली. "मॅडम, हिच्या नाकाचं करायचंय. माझंच नाक आलंय बघा पोरीला. मला सासरी काय काय ऐकायला लागलं ते माझं मला ठाऊक. हिच्या वाट्याला ते नको. उद्या स्थळं बघायला लागलो की हेच निघणार." मामानं पैशाची तयारी असल्याचं सांगितलं. मुलगी खाली बघत होती. तिनं मोबाईल काढून एक फोटो माझ्यापुढं धरला. तिचाच चेहरा, पण नाक सरळ, बारीक, टोक जरासं वर उचललेलं. कुठल्याशा ॲपमध्ये करून घेतलेला.

"असं," एवढंच ती बोलली.

मी तिचं नाक तपासत होते तेवढ्यात कॅज्युअल्टीतून फोन आला. एका मुलाचा हात कडबाकुट्टीत गेला होता. मी उठले. दाराशी येईपर्यंत स्ट्रेचर समोरूनच गेलं. मुलाच्या हाताला टॉवेल गुंडाळलेला, तो लालभडक झालेला, आणि मागून त्याचे वडील स्टीलचा डबा दोन्ही हातांत धरून चाललेले. त्या डब्यात बर्फ होता आणि बर्फातच बोटांचे दोन तुकडे टाकलेले होते.

ते बघून मुलीची आई म्हणाली, "बघ. त्या पोराची बोटं गेली आणि तू नाकासाठी रडतीस व्हय?"

मला राग आला, आणि मी तो लपवला नाही. "वहिनी, असं परत बोलायचं नाही. त्याचं दुखणं त्याच्या जागी, हिचं हिच्या जागी." दोन मिनिटांपूर्वी याच बाईनं स्वतः भोगलेलं सांगताना डोळ्यांना पदर लावला होता. आपलं दुःख आपल्याला मोठं वाटतं आणि लेकराचं मात्र आपण दुसऱ्याच्या दुःखाशी ताडून बघतो, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता सहन होत नाही. मी त्यांना थांबायला सांगून गेले.

तुटलेलं बोट थेट बर्फात टाकायचं नसतं. ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळायचं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिचं तोंड बांधायचं आणि मग ती पिशवी बर्फात ठेवायची. गावोगावी हे सांगायला हवं. पण इथं त्यानं फरक पडला नसता. तुकडे पार चेचलेले होते, जोडण्यासारखे नव्हते. मुलगा १६ वर्षांचा. वडिलांनी संमतिपत्रावर सही केली तेव्हा त्यांचा हात एवढा थरथरत होता की सही दोनदा करावी लागली. उरलेल्या बोटांची लांबी जितकी राखता येईल तितकी राखून मी जखमा झाकल्या. बाहेर आले तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते.

ती मुलगी तिथंच होती. आई आणि मामा चहाला गेले होते. मी तिला आत घेतलं.

माझ्या खोलीत एका जुन्या इंग्रजी चित्राची प्रत लावलेली आहे. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' मध्ये एक पत्र छापून आलं होतं, त्याच माणसाचं हे चित्र. कावसजी नावाचा मराठी गाडीवान १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या सैन्याबरोबर होता. टिपूच्या सैन्यानं त्याला पकडलं, नाक कापलं, एक हातही तोडला. पुढं पुण्याजवळ वीटभट्टीवाल्या जातीतल्या एका कारागिरानं त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. आधी मेणाचा नमुना नाकाच्या जागी बसवला, मग तो सपाट करून कपाळावर ठेवला, त्याच्या कडेनं आखलं आणि तेवढीच कातडी सोडवली. ते वाचून लंडनच्या कार्प्यू नावाच्या सर्जननं १८१४ मध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. आमची शाखा जगभर पसरली ती या वाटेनं. मला त्या निनावी कारागिराचा फार अभिमान वाटतो.

मुलगी चित्राकडे बघत होती म्हणून मी तिला हे सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "मग मधले दिवस तो तसाच होता?"

"वर्षाच्या वर. तसं पत्रात लिहिलंय."

ती गप्प झाली. मग म्हणाली, "त्याला चिडवलं असेल."

इतक्या वर्षांत ते चित्र बघून हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं. मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तुला काय म्हणतात?"

तिनं मोबाईल परत काढला. या वेळी व्हॉट्सॲपचं स्टिकर दाखवलं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये ती नऊवारी नेसून, नथ घालून उभी होती, तो एका बाजूनं काढलेला फोटो. कुणीतरी तो कापून त्याला हिरव्या पोपटाचं अंग जोडलं होतं. खाली लिहिलेलं, 'मिठू मिठू'. नववीपासून वर्गाच्या ग्रुपवर हे फिरत होतं. कुणी काही बरोबर बोललं की शाबासकी म्हणून हेच टाकायचे. तिचा वाढदिवस असला तरी हेच.

नथ घालून काढलेला तो फोटो, ते स्टिकर व्हायच्या आधी, तिनं डीपीला ठेवला होता. हे सांगताना तिचा आवाज फुटला.

मग बाकीचं हळूहळू आलं. वर्गात ती उजवीकडच्या भिंतीला लागून असलेल्या बाकावर बसायची. म्हणजे एका बाजूला भिंत, आणि दुसऱ्या बाजूनं डोक्याला हात लावून बसलं की नाक कुणाला दिसत नाही. एसटीत खिडकीची जागा मिळाली नाही तर उभ्यानं यायची. आता मला खुर्ची फिरवण्याचं कळलं. ती माझ्याकडे तोंड करून बसली होती, कारण माझ्या टेबलाच्या बाजूनं नर्सची ये-जा होती.

"आईचं नाक तुला वाईट दिसतं का?" मी विचारलं.

तिनं जरा विचार केला. "नाही. आईला शोभतं."

मी मोजपट्टी घेतली. तिच्याच मोबाईलवर दोन फोटो काढले, एक हातभर अंतरावरून, ती सेल्फी काढते तसा, आणि एक ५ फुटांवरून. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. १२ इंचांवरच्या फोटोत नाकाची रुंदी ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त दिसते, हे २०१८ मध्ये अमेरिकेतल्या सर्जननी गणितानं दाखवलंय. कॅमेऱ्याच्या सगळ्यांत जवळ नाकच असतं, म्हणून ते फुगतं. ती कितीतरी वेळ दोन्ही फोटो बोटांनी मोठे करून बघत राहिली. पण नाकाच्या मधोमध असलेला उंचवटा काही सेल्फीनं आणला नव्हता. तो खरा होता. मी तिला तसं सांगितलं. खोटा धीर या वयाच्या मुलांना लगेच कळतो.

आता माझ्यापुढं खरा पेच होता. लहान मुलांच्या नाकाला आम्ही हात लावत नाही, कारण नाकाचा पडदा वाढीच्या वयात चेहऱ्याला पुढं ढकलत असतो आणि त्याला धक्का बसला तर वाढ बिघडू शकते. मुलींची ही वाढ साधारण १५-१६ पर्यंत होत आलेली असते, मुलांची एक-दोन वर्षं उशिरा. हिला पाळी येऊन चार वर्षं झाली होती, वर्षभरात उंची वाढली नव्हती. म्हणजे वाढीचं कारण पुढं करून मला सुटता येत नव्हतं. शस्त्रक्रिया तांत्रिकदृष्ट्या करता आली असती. आपल्याकडे आईबापांची सही झाली की पुढचं सर्जनच्या विवेकावर असतं. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२१ पासून १८ खालच्यांना नुसत्या सौंदर्यासाठी बोटॉक्स किंवा फिलर टोचणंसुद्धा गुन्हा आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडनं तर २००८ मध्येच अल्पवयीन मुलांवर अशा शस्त्रक्रिया करायला बंदी घातली. आपल्याकडे असा वेगळा कायदा असावा असं माझं स्पष्ट मत आहे. पण तो झाला तरी समोर बसलेल्या मुलीशी बोलायचं काम डॉक्टरलाच करावं लागणार.

'थांब' म्हणणं म्हणजे उपचार झाला, असं मी पूर्वी समजत होते. १४ वर्षांचा एक मुलगा छाती वाढलीय म्हणून आला होता. या वयात कितीतरी मुलांना तसं होतं आणि बहुतेकांचं एक-दोन वर्षांत आपोआप ओसरतं. मी त्याला तेवढं सांगून पाठवून दिलं. पुढची तारीख दिली नाही. तो १९ व्या वर्षी परत आला. ओसरलं नव्हतं. पाच वर्षांत त्यानं कबड्डी सोडली होती, नदीवर पोहणं सोडलं होतं, उन्हाळ्यातही आतून दोन बनियन घालत होता. एका तासाची शस्त्रक्रिया होती. वाट बघायला लावली, ते चुकलं नाही. त्याला एकट्याला वाट बघायला लावली, ते चुकलं.

आणि उलटही केलंय. १७ वर्षांच्या एका मुलाचं नाक मी आईवडिलांच्या आग्रहापुढं झुकून केलं. काम चांगलं झालं होतं. तिसऱ्या महिन्यात त्याला नाकपुडी वाकडी दिसू लागली, सहाव्या महिन्यात हनुवटी. तो माझ्यानंतर दोन सर्जनकडे गेला. शेवटी मानसोपचारतज्ज्ञांनी निदान केलं. स्वतःच्या दिसण्यातला नसलेला किंवा बारीकसा दोष मनात घर करून बसणं, हाही एक आजार आहे. तो बहुधा किशोरवयातच सुरू होतो आणि चाकूनं बरा होत नाही. आरशापुढं दिवसाचा किती वेळ जातो, एवढा एक प्रश्न मी त्याला विचारला असता तरी मला शंका आली असती. तेव्हापासून तो प्रश्न मी कुणालाही विचारल्याशिवाय सोडत नाही.

हिला विचारला. "मी आरशात बघतच नाही," ती म्हणाली.

आई आणि मामा आत आल्यावर मी सगळं तिच्यासमोरच बोलले. बाहेर आलेल्या ज्या कानांवरून चिडवलं जातं ते कान मी ७ वर्षांच्या मुलाचे शाळा सुरू व्हायच्या आत करून देते, कारण त्या वयात कानाची वाढ जवळजवळ झालेली असते आणि मुलाला पुढची सगळी शाळा काढायची असते. नाकाचं तसं नाही. केल्यावर आठवडाभर नाकावर स्प्लिंट, म्हणजे आधाराची कडक पट्टी, डोळ्याखाली काळंनिळं, आणि सूज पुरती उतरायला वर्ष. आपली कातडी जाड, म्हणून कधी त्याहून जास्त. जूनमध्ये नवं नाक घेऊन कॉलेजला जाता येत नाही. आणि एकदा कापलेलं हाड परत तसंच बसत नाही.

"मी नाही म्हणत नाही," मी मुलीला म्हणाले. "पण आज तू मला ते स्टिकर बंद करायला सांगते आहेस. ते माझ्या हातात नाही. तुझं नाक बदललं तरी ते त्यांच्या मोबाईलमध्ये राहणारच. ज्या दिवशी तुला फक्त नाकाबद्दल बोलायचं असेल त्या दिवशी आपण मापं घेऊ."

मामाला स्टिकरचं तोवर माहीतच नव्हतं. तो ताडकन उठला, "कोण ती पोरं?" त्याला खाली बसवायला पाच मिनिटं गेली. आई मात्र हललीही नाही. तिनं मुलीचा मोबाईल घेतला, स्टिकर बघितलं, बराच वेळ बघितलं. पोपटावरचं ते नाक तिचंही होतं.

मी समुपदेशक बाईंची वेळ घेऊन दिली आणि माझीही, जुलैची, कार्डावर तारीख घालून. मामाला शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटायला सांगितलं, हात न उगारता. फाइलमध्ये त्या दिवशीचे फोटो ठेवले.

जुलैमध्ये ती ठरल्या दिवशी आली, आईबरोबर, अकरावीचं ओळखपत्र गळ्यात घालून. मुख्याध्यापकांनी पोरांना आईवडिलांसह बोलावून घेतलं होतं आणि ग्रुप बंद झाला होता. एका मुलानं घरी येऊन माफी मागितली होती. बाकीच्यांनी नाही. समुपदेशक बाईंच्या चार भेटी झाल्या होत्या आणि त्यांना त्या आजाराची लक्षणं दिसली नव्हती.

"अजून करायचंय?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "पण त्या फोटोसारखं नको. टोक नको उचलायला. फक्त मधला उंचवटा थोडा." तिनं अंगठा आणि तर्जनीमध्ये जरासं अंतर धरून दाखवलं. मग आईकडे एकदा बघून मला विचारलं, "१८ झाल्यावर मी एकटी आले तर चालेल?"

"चालेल."

आईनं काही म्हटलं नाही. पर्समधून पेन काढून तिनं ते लेकीच्या हातात दिलं, आणि पुढच्या भेटीची तारीख मुलीनं कार्डावर स्वतः लिहून घेतली. सहा महिन्यांनंतरची. तिचा वाढदिवस नोव्हेंबरात असतो. १८ व्हायला अजून तीन नोव्हेंबर यायचे आहेत.