तुम्ही विचारलंत म्हणून : मुलं मोठ्या मैदानावर कधी खेळणार?

कोल्हापुरात लहान मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्या माणसाला एक प्रश्न चुकत नाही. सायंकाळचा सराव संपत आला, की कुंपणाशी उभे असलेले एखादे वडील पुढे येतात आणि विचारतात, "सर, ह्ये चार-चार पोरांचं किती दिवस? आमचं पोरगं मोठ्या ग्राउंडवर कवा खेळणार?" त्यांच्या डोळ्यांसमोर शाहू स्टेडियम असते, पेठांमधल्या तालमींचे संघ असतात आणि भरलेल्या पायऱ्यांवरून उठणारा आवाज असतो. 2017 साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव देशाकडून खेळला, तेव्हापासून या प्रश्नाला आणखी धार आली आहे. कोन मांडून आखलेल्या तीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद जागेत खेळणारा आपला मुलगा खरा फुटबॉल खेळतच नाही, असे पालकांना वाटते. उभ्या उभ्या दिलेल्या उत्तराने त्यांचे समाधान होत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

सुरुवातीच्या काळात मीही दहा वर्षांच्या मुलांना पूर्ण मैदानावर अकरा-अकरा खेळवत असे. त्यातला डाव्या बगलेवर उभा राहणारा एक मुलगा मला अजून आठवतो. खेळ दूर उजवीकडे चाललेला असायचा आणि तो रेषेजवळ उभा राहून बुटाच्या टोकाने चुन्याची रेघ उकरत असायचा. बऱ्याच वेळाने चेंडू त्याच्याकडे आला, की तो दचकून, न पाहता, लाथ मारून मोकळा व्हायचा. आमच्या संघात एक मुलगा वयाच्या मानाने थोराड होता. मागून उंच चेंडू मारायचा आणि त्याने पळत जाऊन गोल करायचा, एवढ्यावर आम्ही सामने जिंकत होतो. दोन वर्षांत बाकीची मुले त्याच्याएवढी उंच झाली, तेव्हा त्याच्याजवळ वेगाखेरीज काही नव्हते, आणि इतरांनाही मी काही शिकवलेले नव्हते. त्या दोघांचे नुकसान माझ्या पद्धतीने केले, असे मी आजही मानतो.

हिशेब साधा आहे. वीस मिनिटांच्या खेळात एक चेंडू बावीस जणांनी समान वाटून घेतला, तर प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटभरही येत नाही. आठ जणांत तोच वाटा अडीच मिनिटांचा होतो. मोठ्यांचा गोल 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच असतो. दीड मीटरही उंची नसलेला गोलरक्षक त्याखाली उभा केला, की त्याच्या डोक्यावरून मारलेला कोणताही चेंडू गोल ठरतो, आणि मुले नेमके तेच शिकतात.

मात्र चेंडूला जास्त वेळा पाय लागतो, हे या पद्धतीचे अर्धेच समर्थन झाले. माझ्या दृष्टीने तिचे खरे मोल डावपेच शिकवण्यात आहे. चार जणांचा संघ मैदानावर पतंगासारखा पसरतो : एक मागे, दोन बाजूंना, एक पुढे. चेंडू ज्याच्याजवळ आहे त्याला पुढे, डावीकडे आणि उजवीकडे असे तिन्ही पास मिळू शकतात, आणि मोठ्या खेळातले जवळजवळ सगळे प्रश्न या चौघांत येऊन जातात. जागेचा आकार बदलला, की शिकवण बदलते. जागा रुंद आणि आखूड केली, तर मुले आपोआप चेंडू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरवू लागतात. अरुंद आणि लांब केली, तर पुढच्या खेळाडूला वेळेवर पास देण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

मला सर्वांत आवडणारा खेळ चार गोलांचा आहे. प्रत्येक संघाने दोन छोटे गोल राखायचे आणि समोरच्या दोनांपैकी कोणत्याही एकात चेंडू घालायचा. गेल्या पावसाळ्यात हा खेळ चालू असताना एक मुलगी तीन वेळा उजव्या गोलाकडे धावली आणि तिन्ही वेळा तीन जणांच्या गर्दीत अडकली. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, पण मी गप्प राहिलो. चौथ्या वेळी तिने चेंडूवर पायाचा तळवा ठेवला, मान वर केली, आणि पाठीमागच्या मुलाला पास दिला. त्याने पहिल्याच स्पर्शात डावीकडे चेंडू दिला, तेव्हा तो गोल मोकळा होता. मी खेळ थांबवून एवढेच विचारले, "थांबलीस तेव्हा काय दिसलं?" ती म्हणाली, "सर, सगळी माझ्याकडंच आली होती." गर्दी एका बाजूला ओढून दुसऱ्या बाजूने आक्रमण करायचे, हा धडा फळ्यावर बाण काढून मी अनेकदा शिकवला होता, पण त्या दिवशी तो तिचा स्वतःचा झाला.

दहा वर्षांखालील मुलांना मी "दोनच स्पर्श", म्हणजे दोन स्पर्शांत चेंडू दुसऱ्याला द्यायचाच, असा नियम मात्र लावत नाही. त्याने खेळ दिसायला नेटका होतो, पण एकट्याने समोरच्याला चकवण्याची हिंमत मरते, आणि ती पुढे परत आणणे फार अवघड असते.

छोट्या संघांचा हा खेळ काही मी शोधून काढलेला नाही. नेदरलँड्समध्ये चार-चारांचा खेळ 1980 च्या दशकापासून मुलांच्या प्रशिक्षणाचा पाया मानला गेला. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने 2012 साली ठरवले, की आठ वर्षांखालच्यांनी पाच-पाच, दहाखालच्यांनी सात-सात आणि बाराखालच्यांनी नऊ-नऊ खेळावे. छोट्या खेळाच्या मर्यादाही आहेत : लांब पल्ल्याचा पास, ऑफसाइडची रेषा सांभाळणे, मोठ्या गोलासमोर गोलरक्षकाने कुठे उभे राहावे, या गोष्टी तीस मीटरमध्ये शिकता येत नाहीत. म्हणून मीही याच पायऱ्या धरतो आणि तेराव्या वर्षी मुलांना पूर्ण मैदानावर उतरवतो.

तोवर पालकांना माझी एक विनंती आहे. शनिवारी या, गोलामागे माझ्याशेजारी उभे राहा, आणि दहा मिनिटे चेंडूकडे न पाहता फक्त आपल्या मुलाकडे पाहा : चेंडू दुसऱ्याजवळ असताना तो कुठे सरकतो, आणि किती वेळा मान वळवून मागे पाहतो.