पोह्यावरची कोथिंबीर

आमचं किचन पक्कं शाकाहारी. मुंज, बारसं, साखरपुडा असल्या ऑर्डरी, आणि रोज सकाळी दोन ऑफिसांचे पोहे. त्यामुळे क्रॉस कंटॅमिनेशन, म्हणजे एकाचे जंतू हात-बोर्ड-फडक्यावरून दुसऱ्याला लागणं, वगैरे ऐकलं की मला वाटायचं हे चिकन-मटणवाल्यांचं दुखणं, आपला काय संबंध. आमचे स्वयंपाकी महाराज तर सरळ म्हणायचे, "भाभी, अपने यहाँ तो सब शुद्ध है."

मागच्या पावसाळ्यात एका बारशाच्या दुसऱ्या दिवशी त्या घरून फोन आला, चार जणांची पोटं बिघडलीत. कशानं ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण मी मनातल्या मनात सगळा मेन्यू उलटा फिरवत बसले, वरण-भात, बटाट्याची भाजी, पुरी, सगळं कसं उकळतं-तळलेलं, आणि मग आठवली काकडीची कोशिंबीर. काकडी चिरली कुठे तर त्याच बोर्डावर जिथे अर्ध्या तासापूर्वी मातीचे बटाटे सोलले होते. बोर्ड पुसला होता हो! पण कशानं पुसला, तर त्या एकाच फडक्यानं ज्यानं ओटा, सुरी, हात, कढईचा कान सगळंच पुसलं जातं.

मग एफएसएसएआयचं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याचं, फॉस्टॅक नावाचं ट्रेनिंग केलं. नियम 25 माणसांमागे एक ट्रेन्ड सुपरवायझर असा आहे, आमच्याकडे माणसं सातच, तरी मीच जाऊन बसले. बऱ्याचशा गोष्टी माहीतच होत्या, एक मात्र डोक्यात घुसली. जे शिजणारे त्यातले बहुतेक जंतू आचेवर मरतात, खरी भानगड त्याची जे आता परत आच बघणारच नाही. आणि आपल्या इंदुरी पोह्यांवर काय काय पडतं बघा, कांदा, शेव, जिरावण (आमच्याकडचा पोह्यांवरचा मसाला), लिंबू, वर मूठभर कोथिंबीर, सगळं हातानंच. त्यात पावसाळ्यातली कोथिंबीर म्हणजे अर्धी जुडी चिखल.

सासूबाईंचं खरकटं-उष्टं इतकं कडक की पोळीचा हात तुपाच्या भांड्याला लागला तर भांडं बाजूला. म्हणजे हे सगळं आपल्याला मुळात कळतं, पण खरकटं डोळ्यांना दिसतं आणि ओल्या फडक्यात रात्रभर काय वाढतं ते दिसत नाही. त्यांच्या हिशोबात फडका स्वच्छच, सकाळीच धुतलाय ना! आमचं इंदूरही 2017 पासून स्वच्छतेत नंबर काढतंय, पण आमचा फडका कोण तपासणार.

ट्रेनिंगमधलं सगळं घरी येऊन सांगितलं तर कोणी ऐकेना. मग मी तेलात हळद कालवली, महाराजांच्या दोन्ही तळव्यांना फासली आणि म्हटलं, हे बटाट्याचे हात समजा आणि दहा मिनिटं रोजच्यासारखं काम करा. दहा मिनिटांनी पिवळं काय काय झालं होतं! नळ, फ्रिजचं हँडल, मिठाचा डबा, जिरावणाच्या बाटलीचं झाकण, फडका तर विचारूच नका, हेल्परच्या शर्टाचा खांदा (शाबासकी दिली होती म्हणे), महाराजांचा मोबाईल, आणि चिरलेल्या कोथिंबिरीच्या ढिगात चार-पाच पिवळी पानं. महाराज ती पानं बघत राहिले, काही बोलले नाहीत, गेले आणि साबणानं हात धुतले, कोपरापर्यंत.

आता कच्चं खायचं ते हिरव्या बोर्डावर, मातीच्या भाज्या ब्राऊन बोर्डावर, सुऱ्याही वेगळ्या. कोथिंबीर आधी मातीचं पाणी निघून जाईपर्यंत धुवायची, मग 50 पीपीएम (दहा लाख भागांत 50 भाग) क्लोरीनच्या पाण्यात, परत साध्या पाण्यात, आणि तेव्हाच चिरायची. फडके बारा केले, कामाकामाचे वेगळे, रात्री सगळे उकळतात. ग्लोव्हज आधी हौसेनं आणले होते, पण हेल्पर त्याच ग्लोव्हजनं पैसे घ्यायचा, नाक खाजवायचा आणि परत शेव टाकायचा, म्हणजे उघड्या हातापेक्षा वाईट, कारण उघडा हात निदान कधीतरी धुतला जातो. म्हणून आता पोहे वाढणाऱ्यानं पैशाला हात लावायचा नाही आणि कांदा-शेव-कोथिंबीर चमच्यानंच.

मोबाईलचं मात्र अजून जमलेलं नाही. दाराशी पिशवी टांगलीय, आत येताना त्यात टाकायचा. परवा सासूबाई लसूण सोलायला हिरवा बोर्ड घेऊन बसल्या तर महाराजच ओरडले, "माँजी, वो हरा नहीं!" आणि तेवढ्यात त्यांच्याच खिशात फोन वाजला.