पॉट फिरवला आणि रूट्स दिसले

इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, शिकवते मी, पहिलंच युनिट लिनियर डिफरन्शियल इक्वेशनचं. ऑक्झिलरी इक्वेशन लिहायचं, रूट्स काढायचे, त्यावरून सीएफ (कॉम्प्लिमेंटरी फंक्शन, उत्तराचा एक भाग) लिहायचा, हे पोरं झोपेतपण करतात. त्या दिवशी मी वाय-एक्सऐवजी क्यू (चार्ज) आणि टी (वेळ) घेतले, कॉइल (एल) 10 मिलिहेन्री, कपॅसिटर (सी) 1 मायक्रोफॅरॅड, रेझिस्टन्स (आर) 20 ओहम, चार्ज काढा म्हटलं, तर वर्ग गप्पच. मागून एकाने विचारलं, मॅडम हे आपल्याला आहे का सर्किट्सच्या पेपरला?

मग सोडवलं कसंबसं. रूट्स कॉम्प्लेक्स आले, तर पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, मॅडम आय, म्हणजे वजा एकचं वर्गमूळ, आला म्हणजे खऱ्या सर्किटमध्ये असं काही नसणारच ना. तिथेच खडू ठेवला आणि आख्खी बॅच इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये नेली.

कॉइल, कपॅसिटर, एक पॉट (फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टन्स) सिरीजमध्ये, फंक्शन जनरेटरवरून 100 हर्ट्झची स्क्वेअर वेव्ह, कपॅसिटरवर सीआरओ, म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणारा स्क्रीन. पॉट शून्यावर ठेवला तर प्रत्येक पायरीनंतर व्होल्टेज वर उसळून दोन-तीनदा हेलकावे खाऊन शांत होतंय. म्हटलं हा बघ तुझा आय, रूटचा इमॅजिनरी भाग म्हणजे हेलकाव्यांचा वेग आणि रिअल भाग म्हणजे ते किती लवकर विझतात, दोन्ही पर सेकंदमध्ये. ती स्क्रीनवरचे डिव्हिजन मोजायलाच लागली!

मग म्हटलं, आता हेलकावे कधी थांबतील ते आधी कागदावर सांगा. डिस्क्रिमिनंट (वर्गमुळाखालचा भाग) शून्य केला की आर म्हणजे टू रूट एल बाय सी, 200 ओहम, दोन्ही रूट्स वजा दहा हजार. पॉट हळूहळू फिरवला, उसळी गेली, पॉट काढून मीटरवर मोजला तर 110च्या आसपास. सगळ्यांचे चेहरे पडले, फॉर्म्युला चुकला म्हणाले. मी काहीच बोलले नाही, आणि पाचेक मिनिटांनी तीच मुलगी म्हणाली की मॅडम जनरेटरचा स्वतःचा 50 ओहम धरला का आपण? मग कॉइलपण मोजली, तिच्या तारेचाच वीसेक निघाला. झाले 180. उरलेले वीस कुठे गेले यावर जे भांडण झालं ते तर मला सगळ्यात आवडलं, शेवटी गणित करून त्यांनीच काढलं की 180ला उसळी जेमतेम 0.15 टक्के असते, म्हणजे ती आहेच, स्क्रीनवर डोळ्याला दिसत नाही एवढंच.

गणित हे सर्किटशी बोलायचं साधन आहे असं मला अगदी मनापासून वाटतं, आणि त्या पोरांनी त्या दुपारी इक्वेशनवर विश्वास ठेवून हरवलेले ओहम शोधले.

निघताना मघाशी मागून पेपरचं विचारणारा मुलगा वहीत एल, आर, वन बाय सी यांच्या खाली एम, सी, के, म्हणजे वस्तुमान, डॅम्पिंग आणि स्प्रिंगचा ताठपणा, लिहीत होता. मॅडम, बाईकच्या शॉक ॲब्सॉर्बरला टू रूट के-एमच येणार ना?

हो, तेच येतं.