स्टॉरचा दगड, सेमिनरी हिल्सचा दगड

नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू आहे. सकाळी सहाला नागपुरातल्या सेमिनरी हिल्स टेकडीच्या उतारावर जाऊन बसते, साडेसातला उठावंच लागतं. इथल्या दगडाच्या जलरंग मालिकेतलं हे सातवं चित्र, आणि पहिल्यांदाच दगड मनासारखा उतरला. म्हणून लगेच लिहायला घेतलं.

गेल्या सप्टेंबरात लेकीकडे एडिनबरोला गेले होते, तेव्हा चार दिवस स्कॉटलंडच्याच स्काय बेटावर काढले. तिथल्या स्टॉर डोंगराच्या सुळक्यांखाली, ओल्या गवतावर रेनकोट पसरून रंगवत होते. पहिला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, अर्धा तास झाला तरी वाळेना. डोंगराचा निळा आभाळात पसरत गेला आणि धुकं आपसूक तयार झालं. भर माध्यान्हीही सूर्य 33 अंशांच्या आसपासच, त्यामुळे कड्याची घडी न् घडी सावलीने उठून दिसते. (एडिनबरोच्या नॅशनल गॅलरीत इंग्रज चित्रकार टर्नरची 38 जलरंगचित्रं आहेत, पण रंग उडू नयेत म्हणून ती फक्त जानेवारीच्या मंद उजेडात मांडतात. ती राहिलीच, फार रुखरुख लागली.)

परतल्यावर फोटो बघून पाच चित्रं केली. पाचही कॅलेंडरवरच्या चित्रांसारखी झाली. रंग जुळत होते, ओल जुळत नव्हती.

मग कळलं की स्टॉरचा कडा बेसाल्टचा आहे, सुमारे 6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. आपला दख्खनचा बेसाल्ट साधारण 6.6 कोटी वर्षांचा, आणि सीताबर्डीची टेकडीही त्याचीच. तेव्हाच ठरवलं, स्काय पुरे, आता इथलाच दगड रंगवायचा.

दोन्हीकडे ट्यूब त्याच, निळा अल्ट्रामरीन आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना. स्कायला निळा जास्त आणि शेवाळासाठी थेंबभर हिरवा व्हिरिडियन. इथे सिएना जास्त, वर धुळीसाठी पिवळसर रॉ सिएनाचा अगदी पातळ थर.

खरा त्रास वाळण्याचा. 44 अंशांत वॉशची कड अर्ध्या मिनिटात पक्की होते. पाण्यात ग्लिसरीन घालून पाहिलं, कागद चिकट राहिला, म्हणून सोडून दिलं. आता टेकडीवर फक्त रेखाटन आणि रंगांच्या नोंदी करते. वॉश घरी, कूलरसमोर. 300 जीएसएमचा जाड कॉटन कागद दहा मिनिटं पाण्यात बुडवून अॅक्रिलिक शीटवर चिकटवते. कूलरची हवा दमट, त्यामुळे सात-आठ मिनिटं सहज मिळतात. तेवढ्यात निळ्याचा रवा कागदाच्या खळग्यांत बसतो आणि दगडाला खरखरीतपणा येतो. तो ब्रशने आणता येत नाही.

दुसरी चूक सावल्यांची. चित्रं दुपारची, पण आधीच्या चारांत सवयीने स्कायच्या लांब सावल्या घातल्या होत्या. मागच्या रविवारी डोक्याला दुपट्टा बांधून बारा वाजता गेले, पंधरा मिनिटं नुसती बघत उभी राहिले. सूर्य थेट डोक्यावर. सावली दगडाच्या बुडाशी बोटभर, आणि काळी नाहीच. तापलेल्या मातीचा उजेड खालून परत येतो, त्यात तांबूस झाक उतरते. सातव्या चित्रात ती पट्टी सिएनातच ठेवली, आणि दगड जमिनीवर बसला.

आठवं चित्र पहिल्या पावसाचं. हाच दगड भिजला की काळाभोर होतो, थेट स्टॉरसारखा. कागद कापून ठेवलाय.