वृत्त गझलेचं, हाड ओवीचं

नागपूर, ऑक्टोबर. रात्री उशिरा.

तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीचे दिवस आले की भजनी बैठकांत एक वाद हमखास रंगतो. महाराजांनी स्वतः लिहिलं, स्वतः चाली लावल्या, स्वतः खंजिरी वाजवत गायलं. पण हे गाणं त्यांच्याकडे आलं कुठून? एक बाजू म्हणते वारकरी वळणातून, वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या सहवासातून. दुसरी म्हणते, चाली ऐका, कव्वाली नि गझल कानात मुरल्याशिवाय असं सुचत नाही. आजही दोन्ही बाजू हटल्या नाहीत. मात्रा मात्र कुणी मोजत नाही, म्हणून इथे मोजूनच लिहून ठेवतो.

महाराजांचं ‘या झोपडीत माझ्या’ घ्या. पहिला चरण ‘राजास जी महाली’. रा-जा-स-जी-म-हा-ली. दोन, दोन, एक, दोन, एक, दोन, दोन. बारा मात्रा. ‘सौख्ये कधी मिळाली’ म्हणजे पुन्हा तेच बारा. गागालगा लगागा, दोनदा. ‘गा’ म्हणजे दोन मात्रांचं गुरू अक्षर, ‘ल’ म्हणजे एका मात्रेचं लघू. हे आनंदकंद वृत्त, गझलेत चालणारं. इक्बालचं 1904 सालचं ‘सारे जहाँ से अच्छा’ याच मापाचं आहे. त्या चालीवर ‘या झोपडीत माझ्या’ म्हणून बघा, एक अक्षर अडणार नाही. ‘सब के लिये खुला है’ हे महाराजांचं हिंदी भजनही त्याच मापात चालतं. तिथे फक्त ‘मंदिर यह हमारा’मधल्या ‘यह’ला दोनच्या जागी तीन मात्रा द्याव्या लागतात: ‘य’ एक, ‘हऽ’ दोन. नवे गाणारे ते ‘ये’ म्हणून उरकतात आणि ‘हमारा’ एक मात्रा आधी येऊन आदळतं.

म्हणजे गझलवाल्यांची बाजू खरी? वृत्तापुरती खरी. पण आता यमकं बघा. महाली, मिळाली, झाली, आणि मग ‘या झोपडीत माझ्या’. पडावे, पहावे, गावे, आणि पुन्हा ‘या झोपडीत माझ्या’. तीन चरण यमकात बांधलेले, चौथा मोकळा. गझलेचा शेर दोन ओळींचा, तो असा नसतो. ही ठेवण महाराजांच्याच ग्रामगीतेच्या ओवीची आहे. पहिलीच ओवी: ‘ॐ नमोजी विश्वचालका, जगद्वंद्या ब्रह्मांडनायका, एकचि असोनि अनेका’, आणि चौथा चरण यमकाबाहेर. उर्दूतही तीन सारखे नि चौथा वेगळा असे बंध आहेत, तेव्हा नुसत्या यमकावर निकाल लावू नये हे मान्य. पण ज्या माणसाने पुढे 41 अध्याय ओवीत लिहिले, त्याच्या हातात हे हाड आधीपासून होतं असंच मला वाटतं. गंमत म्हणजे ‘एकचि असोनि अनेका’ आणि ‘तेरे नाम अनेक, तू एक ही है’ हा एकच विचार आहे, एकदा ओवीत आणि एकदा ‘हर देश में तू’ या त्यांच्या हिंदी भजनात.

हे गाताना कुठे बिघडतं तेही लिहून ठेवतो, कारण दर वर्षी तिथेच बिघडतं.

‘राजास जी महाली’ला दादरा, म्हणजे सहा मात्रांचा ताल, धरला तर बारा मात्रांची दोन आवर्तनं होतात. रा दोन, जा दोन, स एक, झाले पाच. ‘जी’ सहाव्या मात्रेवर सुरू होतो आणि सातवीपर्यंत जातो, म्हणजे दुसऱ्या आवर्तनाची सम, त्याची पहिली मात्रा, ‘जी’च्या पोटात पडते. गाणाऱ्याला शब्द समेवर टाकायची सवय असते, म्हणून तो ‘राजासऽ जी’ असा ‘स’ लांबवतो. तिथे एक मात्रा वाढते, शेवटचा ‘ली’ अर्धा कापला जातो आणि पुढचा चरण धापा टाकत सुरू होतो. उपाय सोपा आहे. ‘जी’ सहावीलाच उचलायचा आणि धरून ठेवायचा. सम खंजिरीवाल्याने भरदार ‘धुम’ने द्यायची. गळा पुढे जात असतो आणि खाली ठोका पडतो, त्या गाण्याचा झोका तिथेच आहे. आधी पेटी बंद ठेवून नुसतं बोलून, टाळीवर बसवावं. आठ मात्रांचा केहरवा घेतला तर बाराच्या सोळा कराव्या लागतात. त्या चार मात्रा शेवटच्या अक्षरावर सोडाव्यात, मध्ये कुठेही वाटू नयेत.

दुसरी चूक ‘ताऱ्यांकडे पहावे’ची. पुष्कळजण शुद्ध बोलायचं म्हणून ‘पाहावे’ म्हणतात. तिथे ‘प’ लघूच हवा.

‘हर देश में तू’ला आनंदकंद लावायला जाऊ नये. ते ललगा, ललगा असं चालतं, तोटक वृत्ताच्या अंगाने: ह-र-दे, श-में-तू. ‘में’ लिहायला गुरू, म्हणायला लघू. ‘तेरे’ची दोन्ही अक्षरं लघू, ‘तू एक ही है’मधले ‘तू’ आणि ‘ही’ लघू. उर्दूत मात्रा अशीच पाडतात आणि ते महाराजांनी अगदी सहज वापरलं आहे. केहरव्यात ‘हर’ सातव्या-आठव्या मात्रेवर उचलून ‘दे’वर सम घ्यायची. ‘हर’च समेवर टाकला की भजनाची कवायत होते.

वारकरी बाजूला इतकंच सांगावंसं वाटतं की हिंदीत रचल्याने महाराज आपल्या मातीपासून लांब गेले असं नाही. 1942 मध्ये ‘पत्थर सारे बाँब बनेंगे’ हे चिमूर-आष्टीकडच्या लोकांच्या तोंडी होतं, आणि त्याच वर्षी त्यांना अटक होऊन नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं गेलं. आपल्या नागपूर विद्यापीठाला 2005 साली त्यांचं नाव मिळालं. ‘मनी नाही भाव’सारखी अस्सल बोलीतली रचनाही त्यांचीच, आणि तिला कुठल्याच वृत्ताची पट्टी लागत नाही, ती लोकगीताच्या ठेक्यावरच म्हणावी.

खंजिरीबद्दल. या महिन्यात हवेत अजून ओल असते, कातडं ढिलं पडतं आणि ‘धुम’ नुसता भद्द येतो. वाजवण्याआधी दहा-पंधरा मिनिटं उन्हात ठेवावी, किंवा निखाऱ्यापासून हातभर लांब, सतत फिरवत. एकाच जागी धरली की कातडं तिथेच कडक होतं आणि कडेने चिरतं. मे महिन्यात उलट: 45 अंशांच्या कोरड्या हवेत ते इतकं ताणतं की नुसता टणटण आवाज येतो. तेव्हा ओल्या बोटांनी आतल्या बाजूने पुसावं, पाणी ओतू नये. घोरपडीच्या कातड्याची जुनी खंजिरी कुणी कितीही वाखाणली तरी विकत घेऊ नये. 1972 च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, आणि बकरीच्या कातड्यावर घुमारा छान निघतो. समूहात गायचं असेल तर पेटीची पट्टी काळी एकच्या वर नेऊ नये, नाहीतर ‘या झोपडीत’ उंच गेलं की मागचे बाप्ये गप्प होतात आणि पालुपद दोघा-तिघांच्याच गळ्यावर पडतं.

उद्या बैठकीत आधी टाळीवर ‘जी’ बसवून घ्यायचा. पेटी नंतर.