तुम्ही विचारलंत म्हणून: मॅटाडोरला नवे ब्रेक कशाला?

"एवढ्या हौसेनं जुनी गाडी उभी केलीत, मग ब्रेक नवे कशाला? मूळचेच ठेवायचे की ओ." बेळगावजवळच्या हिंडलग्याचा चहावाला विचारतो, पुण्याहून फोटो काढायला येणारी पोरंही विचारतात. गाडीचं इंजिन चालू असतं, पाव उतरवायचा असतो, म्हणून मी नुसता हसतो. आज नीट सांगतो.

बाबांनी ही मॅटाडोर १९७४ साली बेकरीसाठी घेतली. तेव्हा कंपनी बजाज टेम्पो, आता फोर्स मोटर्स. हिची ओढ पुढच्या चाकांना. मागं जाणारा शाफ्ट नसल्यामुळं माल ठेवायची जमीन बुटकी, आणि पहाटे तीनला ट्रे चढवणाऱ्यालाच त्या वीतभर उंचीचं मोल कळतं. शिवाय पाव जागा खातो, वजन करत नाही. परतीला मैद्याची पोती भरली की मात्र भार मागं जायचा आणि पावसात, चढावर, पुढची चाकं जागच्या जागी फिरायची.

मी सातवीत असताना बाबांबरोबर संकेश्वरच्या लाईनला गेलो होतो. वंटमुरी घाटातल्या उतारावर पेडल एकदम खाली गेलं. चारी चाकांचं ब्रेक ऑइल एकाच वाटेनं जायचं, त्यात एक रबरी होज फुटला. तो बदलायचं बाबा दोन महिने टाळत होते, त्यामुळं दोष आमचाच. बाबांनी गिअर उतरवत उतरवत गाडी डोंगराच्या अंगाला घासली आणि थांबवली. मागं वळून बघितलं तर टोस्टचा चुरा गुडघ्यापर्यंत. बाबा तासभर काही बोलले नाहीत. नंतर एवढंच म्हणाले, "आईला सांगू नको."

गाडी परत उभी करायला घेतली तेव्हा इंजिन उद्यमबागेत दिलं. आमच्या बेळगावचं एक बरं आहे, लेथ आणि फाउंड्री गल्लीगल्लीत. बाजारात न मिळणारा बुश मिस्त्री जुना बघून संध्याकाळपर्यंत नवा करून देतो. क्रँक ग्राइंड केला, लायनर-पिस्टन नवे घातले, पण ब्लॉक, म्हणजे नंबर कोरलेलं इंजिनचं धड, तोच. आरसीवरचा इंजिन नंबर जुळायला पाहिजे, नाहीतर आरटीओच्या फेऱ्या.

ब्रेक मात्र बदलले. पुढं डिस्क, आणि पेडलचा दाब ऑइलला देणारा मास्टर सिलिंडर दोन खणांचा. एका बाजूचं ऑइल गेलं तरी दुसरी बाजू धरते. पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम लागतो, तो डिझेल इंजिनातून आपोआप मिळत नाही, म्हणून पाठीला व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर बसवला. मिस्त्रीनं उद्यमबागेत एक चक्कर मारली, उतरला आणि म्हणाला, "चलो ऐतरी." म्हणजे कन्नडमध्ये, छान आहे. एवढंच.

काहीजण म्हणतात, व्हिंटेजमध्ये नोंद करा. २०२१ च्या केंद्राच्या नियमात पन्नास वर्षांवरची गाडी बसते, नंबरात 'व्हीए' येतं. पण ती धंद्याला लावायची नाही आणि रोज रस्त्यावर आणायची नाही. मग शिनोळीला पाव कोण पोचवणार? माझी गाडी मालवाहू आहे, दरवर्षी फिटनेसला उभी राहते. प्रदर्शनात ठेवायची असती तर जुना होजसुद्धा जपून ठेवला असता.

मूळचं काय ठेवलं ते कुणी विचारत नाही. बॉडी घासताना निळ्या रंगाच्या तीन थरांखाली बेकरीचं नाव निघालं, वरची ओळ कन्नड, खालची मराठी, दोन्ही एकाच पेंटरच्या हातची. 'बेकरी'तल्या 'री'ची वेलांटी त्यानं जागा संपली म्हणून दाराच्या कडेवरून आत वळवलीय. दोन्ही ओळी आहेत तशा राखल्या, फक्त वार्निश मारलं. (यावरून कुठली ओळ वर, असा वाद घालू नका. बाची ओलांडली की शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र, आणि पाव दोन्हीकडं तेवढाच खपतो.) ट्रे सरकवायच्या सागवानी पट्ट्याही जुन्याच, पत्र्यानं झिजून मधोमध खोलगट झालेल्या.

एक कबुली. पहिल्या दिवशी उचगाव फाट्यावर म्हैस आडवी आली, मी सवयीनं जुन्या ब्रेकच्या हिशोबानं पाय दाबला. गाडी तिथंच थांबली, बटरचा वरचा ट्रे थांबला नाही, तो माझ्या मानेवर. दुसऱ्या दिवशी सुताराकडून ट्रेसमोर आडवी पट्टी ठोकून घेतली. ती मूळची नाही, हे विचारायच्या आधीच सांगून ठेवतो.